ऐंशी डाल्टनचा फरक

"इन्स्ट्रुमेंटेशनचा मुलगा तू, सशाची अँटिबॉडी घेऊन काय करतोस?" हा प्रश्न मला या वर्षात मेसमध्ये, लायब्ररीत आणि एकदा तर चक्क व्हायवातही विचारला गेला. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून संपादकांकडून ही चार पानं मागून घेतली. बायोटेकच्या मित्रांनो, यातलं बरंच तुम्हाला माहीत असेल, तरी शेवटचा भाग सोडू नका. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनो, घाबरू नका. बारावीनंतर बायोलॉजीला रामराम ठोकलेल्या माणसानेच हे लिहिलंय.

आमच्या ब्रँचमध्ये पहिल्या सेमिस्टरपासून एकच मंत्र घोकून घेतात: जे मोजायचं, त्याला योग्य सेन्सर शोधा. तापमानाला थर्मोकपल, ताणाला स्ट्रेन गेज, प्रकाशाला फोटोडायोड. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी मी एका जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा तिथे मोजायचं होतं ते असं: पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ठराविक प्रथिनावर, एका ठराविक जागी, फॉस्फेटचा एक गट बसला आहे की नाही. आणि त्यासाठीचा सेन्सर होता बोटाच्या पेराएवढ्या कुपीतला दोन-तीन थेंब द्रव. लेबलवर लिहिलेलं: फॉस्फो-ईजीएफआर, टायरोसिन १०६८, ससा. या लेबलातला एकेक शब्द उलगडायचा, आणि हा सेन्सर खरं बोलतोय की थापा मारतोय हे कसं ओळखायचं ते सांगायचं, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दारावरची घंटा

पेशीला बाहेरचा निरोप कळतो तो तिच्या आवरणात रुतून बसलेल्या प्रथिनांमार्फत. त्यांना रिसेप्टर म्हणतात. दारावरच्या घंटेसारखं काम: बटण बाहेर, आवाज आत. ईजीएफआर हा असाच एक रिसेप्टर, 'वाढ' असा निरोप घेणारा. निरोप घेऊन येणारा रेणू म्हणजे ईजीएफ, अवघ्या ५३ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन.

ईजीएफचा शोध लागला तो उंदरांच्या पिल्लांमुळे. अमेरिकेत स्टॅन्ले कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले आणि दातही लवकर आले. हे कशामुळे होतंय याचा पिच्छा पुरवून त्यांनी १९६२ मध्ये त्या प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९८० मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की ईजीएफ चिकटलं की रिसेप्टरच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतं. १९८६ चं नोबेल त्यांना रिटा लेव्ही-माँताल्चिनी यांच्याबरोबर विभागून मिळालं.

रिसेप्टर म्हणजे ११८६ अमिनो आम्लांची एक लांब साखळी. साधारण अर्धी पेशीच्या बाहेर, मग एकदाच आवरणातून आरपार, आणि उरलेली आत लोंबणारी. बाहेरून ईजीएफ येऊन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने जवळ येतात आणि एकमेकांच्या आतल्या शेपटीवर ठरलेल्या टायरोसिनांना फॉस्फेट लावतात. टायरोसिन हे वीस अमिनो आम्लांपैकी एक. फॉस्फेट येतं एटीपीकडून. फॉस्फेट लावणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात आणि काढणाऱ्यांना फॉस्फटेज. रिसेप्टरची शेपटी हे स्वतःच कायनेज आहे, म्हणजे घंटा आणि शिक्का एकाच वस्तूत.

या शेपटीवर अशा बऱ्याच जागा आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. १०६८ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलं की जीआरबी-२ नावाचं प्रथिन तिथे येऊन चिकटतं. त्याच्यामागून साखळी सुरू होते आणि 'विभाजन करा' हा निरोप केंद्रकापर्यंत जातो. १०४५ क्रमांकावर फॉस्फेट बसलं तर दुसरंच एक प्रथिन येतं आणि त्या रिसेप्टरला मोडीत काढायची व्यवस्था करतं. म्हणजे एक शिक्का काम सुरू करायचा, दुसरा घंटाच उतरवून ठेवायचा. म्हणून नुसतं 'फॉस्फेट आहे' एवढं कळून भागत नाही, कुठे आहे हेही कळावं लागतं.

आणि ही घंटा कुणी बटण न दाबताच वाजत राहिली तर? पेशी विभाजित होतच राहते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत नेमकं हेच होतं. या विषयाची सगळी धडपड त्यासाठीच आहे.

आउटपासवरचा शिक्का

आता मोजमापाची अडचण बघा. रिसेप्टरचं वस्तुमान त्याच्यावरच्या साखरेच्या साखळ्यांसकट सुमारे १,७०,००० डाल्टन. एक फॉस्फेट बसलं की त्यात भर पडते साधारण ८० डाल्टनची. म्हणजे दोन हजारांत एकाहूनही कमी. वजनावर ओळखायचं म्हटलं तर सत्तर किलोच्या माणसाच्या खिशात तीस-पस्तीस ग्रॅमचं बिस्किट आहे का, हे त्याला काट्यावर उभं करून ठरवण्यासारखं.

शिवाय ही खूण दुर्मीळ. पेशीत फॉस्फेट बसतं ते मुख्यतः सेरीन आणि थ्रिओनिन या दोन अमिनो आम्लांवर. टायरोसिनवर बसणारं फॉस्फेट साध्या पेशीत त्या सगळ्याच्या सुमारे ०.०५ टक्के. इतकं कमी की १९७९ पर्यंत पेशीत असं काही असतं याची कुणाला कल्पनाच नव्हती. ते सापडलं त्याची कथा आपल्या लॅबवाल्यांना आवडेल. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर फॉस्फेट बसलेली अमिनो आम्लं विजेच्या दाबाने वेगळी करत होते. बफरचा सामू १.९ असायला हवा होता. पण ताजं बफर बनवायचा कंटाळा करून त्यांनी जुनंच वापरलं आणि त्याचा सामू उतरून १.७ झाला होता. १.९ ला फॉस्फोटायरोसिन आणि फॉस्फोथ्रिओनिन एकाच ठिकाणी पळतात, १.७ ला वेगळे होतात. त्यामुळे एक नवाच ठिपका दिसला. गोष्ट हंटर स्वतःच सांगत आले आहेत. तात्पर्य मात्र 'शिळं बफर वापरा' असं नाही. त्यांनी तो अनोळखी ठिपका घाण समजून पुसून टाकला नाही आणि तो काय आहे ते सिद्ध करून दाखवलं, म्हणून तो शोध झाला.

या दुर्मीळ खुणेला हुडकणारा रेणू म्हणजे आपली अँटिबॉडी. शाळेच्या पुस्तकात तिला प्रतिपिंड म्हणत. समजायला सोपं जावं म्हणून हॉस्टेलचा आउटपास घ्या. कागद तोच, नाव तेच, पण रेक्टरचा शिक्का बसला की त्याचा अर्थ बदलतो. शिक्क्याने कागदाचं वजन वाढत नाही, पण गेट उघडतं. आता गेटवर तीन प्रकारचे वॉचमन असू शकतात. पहिला फक्त आउटपासचा कागद बघतो, शिक्का आहे-नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ही 'एकूण ईजीएफआर' मोजणारी अँटिबॉडी. दुसरा फक्त शिक्का बघतो. मग तो आउटपासवर असो, मेसच्या पावतीवर असो की लायब्ररीच्या कार्डावर. ही कुठल्याही प्रथिनावरचं फॉस्फोटायरोसिन ओळखणारी अँटिबॉडी, तिची पहिली आवृत्ती १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झाली. तिसरा वॉचमन कडक: आउटपासच हवा, आणि शिक्काही ठरलेल्या चौकटीतच हवा. आमच्या कुपीत होता तो हा तिसरा. किमान लेबल तरी तसंच म्हणत होतं.

सशाकडून काय आणि माणसाकडून काय

असा वॉचमन बनवायचा कसा? आधी रिसेप्टरचा १०६८ च्या आजूबाजूचा दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा रासायनिक पद्धतीने बनवतात, मधल्या टायरोसिनवर फॉस्फेट लावून. एवढासा तुकडा सशाच्या शरीराला शत्रू वाटत नाही, म्हणून तो एका थोराड प्रथिनाला जोडतात. त्यासाठी बहुतेक वेळा कीहोल लिम्पेट नावाच्या समुद्री गोगलगायीच्या रक्तातलं हिमोसायनिन वापरतात. ते मोठं आणि सशाला पूर्णपणे परकं. हे मिश्रण काही आठवड्यांच्या अंतराने टोचलं की सशाची प्रतिकारशक्ती कामाला लागते आणि रक्तात अँटिबॉडी तयार होतात.

गंमत अशी की ससा एकच अँटिबॉडी करत नाही, शेकडो प्रकारच्या करतो. काही गोगलगायीच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या, काही बिनशिक्क्याच्या तुकड्यालाही चिकटणाऱ्या, आणि थोड्याच आपल्याला हव्या त्या. मग गाळणी लागते. आधी सगळं रक्तद्रव फॉस्फेटवाला तुकडा चिकटवलेल्या नळीतून सोडतात. जे अडकतं ते ठेवायचं, बाकी वाहून जाऊ द्यायचं. अडकलेलं सोडवून घेतलं की दुसऱ्या नळीतून सोडतात, तिच्यात तोच तुकडा पण बिनफॉस्फेटचा. इथे जे अडकतं ते टाकायचं आणि जे वाहून जातं ते ठेवायचं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला दोन फिल्टर पाठोपाठ लावले असं समजावं.

दुसरा रस्ता मोनोक्लोनल अँटिबॉडीचा. एकाच पेशीच्या वंशावळीतून एकच प्रकारची अँटिबॉडी, हवी तितकी. ही युक्ती १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाईन यांनी काढली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिचा मोठा फायदा सातत्याचा. ससा म्हातारा होऊन मरतो, पुढच्या सशाचं रक्त तंतोतंत तसंच नसतं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन कुप्या वेगळ्या वागू शकतात. आता तर अँटिबॉडीचा जनुकच पेशीत घालून तिला बनवतात, म्हणजे ड्रॉइंग हातात असलेला पार्ट. ड्रॉइंग जपून ठेवलं की पुन्हा तोच पार्ट मिळतो.

दूध का चालत नाही

सेन्सर मिळाला, आता मोजणी. पद्धतीचं नाव वेस्टर्न ब्लॉट. नावाचा दिशेशी संबंध विनोदापुरताच: १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी डीएनएसाठी अशीच पद्धत काढली, तिला सदर्न ब्लॉट नाव पडलं. मग आरएनएची नॉर्दर्न झाली आणि प्रथिनांची वेस्टर्न.

प्रयोगाला वापरलेल्या पेशी ए-४३१ नावाच्या. एका वृद्ध स्त्रीच्या त्वचेच्या कर्करोगातून आलेल्या या पेशींवर दहा लाखांहून जास्त ईजीएफआर असतात, म्हणजे घंटाच घंटा. पेशी आधी रात्रभर उपाशी ठेवायच्या, कारण त्यांच्या नेहमीच्या खुराकात वाढीचे निरोप असतातच. सकाळी ईजीएफ घालायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि लगेच बर्फावर ठेवून पेशी फोडायच्या. इथे घाई महत्त्वाची. पेशी फुटली की तिच्यातले फॉस्फटेज मोकळे होतात आणि शिक्के पुसायला लागतात. म्हणून फोडण्याच्या द्रवात सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड घालतात. पहिलं टायरोसिनवरची फॉस्फेटं पुसणाऱ्यांना थोपवतं, दुसरं सेरीन-थ्रिओनिनवरची. ते घालायला विसरलात तर शिक्का होता की नव्हता हे कायमचं गुलदस्त्यात.

मग हे मिश्रण जेलीच्या पातळ थरात विजेच्या दाबाने पळवायचं. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे राहतात. ईजीएफआर मोठा, म्हणून वरच्या भागात अडकतो. जेलीतून सगळं एका पातळ पापुद्र्यावर उतरवायचं. आता हा पापुद्रा अँटिबॉडीत बुडवण्याआधी त्याच्या रिकाम्या जागा दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाने भरून टाकायच्या, नाहीतर अँटिबॉडी कुठेही चिकटते. त्यासाठी बहुतेक प्रयोगशाळांत दुधाची पावडर वापरतात. स्वस्त आणि मस्त. पण फॉस्फो-अँटिबॉडीसाठी बऱ्याचदा दूध टाळून गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन घेतात. कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने लदलेलं प्रथिन आहे. शिक्के शोधायला निघालेल्या वॉचमनसमोर शिक्के मारलेल्या कागदांचा ढीग ओतण्यातलाच प्रकार.

यानंतर आपली सशाची अँटिबॉडी. तिच्यावर सशाच्या अँटिबॉडीला चिकटणारी शेळीची दुसरी अँटिबॉडी, आणि तिला जोडलेलं मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिशच्या मुळातलं एक विकर. त्यावर योग्य रसायन ओतलं की अंधारात उजेड पडतो आणि कॅमेऱ्यात पट्टी उमटते. माझं काम इथे सुरू होत होतं: पट्टी किती काळी आहे ते आकड्यात सांगायचं. इथेही आपला नेहमीचाच धडा. उजेड जास्त झाला की कॅमेरा सॅच्युरेट होतो आणि दुप्पट प्रथिन असूनही पट्टी तेवढीच काळी दिसते. म्हणून एकाच नमुन्याचे दुप्पट, चौपट, आठपट पातळ केलेले भाग शेजारी शेजारी पळवून आधी रेषीय पल्ला काढला आणि त्याच्या आतच मोजमाप केलं.

रिकाम्या रांगेची किंमत

आता मुद्द्याचं. पट्टी काळी झाली. यावरून काय सिद्ध होतं? एकटीवरून काहीच नाही. एवढंच कळतं की कुपीतलं काहीतरी पापुद्र्यावरच्या कशाला तरी चिकटलं. अर्थ येतो तो शेजारच्या रांगांमुळे, आणि त्यातही ज्या रांगेत पट्टी दिसायला नको तिच्यामुळे.

आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारी एक ताई होती. एका वनस्पतीचा अर्क ईजीएफआरचा निरोप बंद पाडतो का, हा तिचा विषय. जुनी फॉस्फो-अँटिबॉडी वापरून तिने बारा-पंधरा ब्लॉट केले होते आणि प्रत्येकात अर्क दिलेल्या रांगेची पट्टी निम्म्याने फिकी. दोन वर्षांचं काम, प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण. सर म्हणाले, "आकडे छान आहेत, पण फॉस्फटेजची रांग कुठे आहे?" म्हणजे असं: ईजीएफ दिलेल्या पेशींचंच मिश्रण घ्यायचं, त्यात मुद्दाम फॉस्फटेज घालून सगळे शिक्के पुसून टाकायचे आणि मग अँटिबॉडीला विचारायचं, दिसतंय का काही? प्रामाणिक वॉचमन म्हणेल, शिक्का नाही, सोडणार नाही. पट्टी गायब व्हायला हवी.

ताईने रांग लावली. पट्टी जशीच्या तशी.

कुणी म्हणेल, फॉस्फटेज खराब असेल. म्हणून तोच नमुना दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे फक्त शिक्का बघणाऱ्या अँटिबॉडीने तपासला. तिथे सगळं साफ. फॉस्फटेज चोख काम करत होतं. कुपीतली अँटिबॉडी शिक्का बघतच नव्हती, नुसता कागद बघून गेट उघडत होती. मग त्याच पापुद्र्यावरची अँटिबॉडी धुऊन 'एकूण ईजीएफआर'ची लावली आणि मी पुन्हा आकडे काढले. अर्क दिलेल्या रांगेत एकूण रिसेप्टरही निम्माच होता. निम्म्याला निम्म्याने भागलं, उत्तर आलं एक. अर्काने घंटेचा आवाज बंद केला होता की नाही हे त्या पंधरा ब्लॉटवरून कळत नव्हतं. कळत होतं ते इतकंच की दारावरच्या घंटाच कमी झाल्या होत्या.

त्या दिवशी ताई जेवायला आली नाही. संध्याकाळी मात्र प्रबंधाच्या फाइलमध्ये त्या प्रकरणाचं शीर्षक खोडून तिने पेन्सिलने लिहिलं: 'रिसेप्टरच्या एकूण संख्येवर परिणाम'. मी म्हटलं, "ताई, पुरवठादाराला कळवायला हवं." ती म्हणाली, "कळवते. पण अरे, ही रांग पहिल्या आठवड्यात लावायला एक दिवस पुरला असता."

पुढे नवी कुपी आली, दुसऱ्या ठिकाणची. तिची किंमत आपल्या वर्षभराच्या मेस बिलाला टक्कर देणारी, म्हणून तिला वापरात घेण्याआधी चार रांगांची परीक्षा ठरली. उपाशी पेशी, ईजीएफ दिलेल्या पेशी, ईजीएफबरोबर कायनेज बंद पाडणारं गेफिटिनिब हे औषध दिलेल्या पेशी, आणि फॉस्फटेज घातलेलं मिश्रण. दुसऱ्या रांगेतच पट्टी हवी, बाकी तीन रिकाम्या किंवा अगदी फिक्या. नवी कुपी पास झाली. तिच्यावर आजही परीक्षेची तारीख लिहिलेली आहे.

खोली नंबर किती?

चार रांगा पास झाल्या तरी एक प्रश्न उरतोच: शिक्का १०६८ च्याच चौकटीतला कशावरून? त्याच शेपटीवर अठरा पावलं पुढे १०८६ क्रमांकाचा टायरोसिन आहे, त्याच्यानंतरही १०६८ सारखाच अस्पॅरजिन-ग्लुटामिनचा शेजार आहे. तिथला शिक्का अँटिबॉडीने चुकून मान्य केला तरी पट्टीची उंची तीच राहणार, कारण प्रथिन तेच. फॉस्फटेजही दोन्ही शिक्के एकदमच पुसणार. इथे उपयोगी पडतो तो जनुकातच बदल केलेला रिसेप्टर. १०६८ च्या टायरोसिनच्या जागी फेनिलॲलानिन बसवतात. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे, पण फेनिलॲलानिनला फॉस्फेट लावायची जागाच नाही. बाकी सगळे शिक्के बसणार, हा एक सोडून. तरीही पट्टी दिसली तर वॉचमन चौकट बघत नाही हे नक्की.

याशिवाय ईजीएफआरची तीन भावंडं आहेत, त्यातलं हर्-२ आकारानेही जवळपास तेवढंच. दोघांच्या पट्ट्या वरखाली चिकटून येतात. म्हणून कुठल्या पेशीत कुठलं भावंड आहे हे आधी माहीत असावं लागतं.

आणि क्रमांकाचा घोळ तर आपल्या हॉस्टेलसारखाच. तळमजला धरून मजले मोजायचे की सोडून? रिसेप्टर तयार होताना त्याच्या पुढच्या टोकाला २४ अमिनो आम्लांचा एक पत्ता जोडलेला असतो, तो नंतर कापला जातो. जुन्या शोधनिबंधांत तो सोडून मोजतात, नव्या याद्यांत धरून मोजतात. म्हणून एकाच जागेला कुणी १०६८ म्हणतो, कुणी १०९२. दोन वेगवेगळ्या जागा समजून दोन कुप्या मागवण्याआधी २४ ची बेरीज करून बघावी.

आपल्या प्रयोगशाळेबाहेर

हे दुखणं एका प्रयोगशाळेचं नाही. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी शंभरावर सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी 'नेचर'मध्ये लिहिलं की खराब अँटिबॉडींवर जगभरात दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जात असावेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी शेजारी शेजारी तपासल्या. त्यासाठी त्यांनी ज्या पेशींतून ते प्रथिनच काढून टाकलंय अशा पेशींची रांग लावली, म्हणजे पुन्हा रिकामी रांगच. दर प्रथिनामागे सरासरी बाराएक शोधनिबंध असे निघाले की ज्यांत त्या प्रथिनाला न ओळखणारी अँटिबॉडी वापरली होती. जनुकापासून बनवलेल्या अँटिबॉडी एकूणात सरस ठरल्या.

पैशापलीकडेही एक हिशोब आहे. गेफिटिनिबला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ते कुणाला लागू पडेल हे सांगता येत नव्हतं. २००४ मध्ये कळलं की ज्यांच्या गाठीत ईजीएफआरच्या जनुकात ठराविक बदल झालेत, त्यांना ते उत्तम लागू पडतं. आज डॉक्टर गोळी ठरवतात ती हा जनुकातला बदल बघून, फॉस्फो-अँटिबॉडीवरून नाही. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा टेबलावर थोडा वेळ राहिला तरी शिक्के पुसट होतात, त्यामुळे तिथे ही अँटिबॉडी भरवशाची नाही. पण ती गोळी दवाखान्यात पोचण्याआधी, औषध शोधणाऱ्यांच्या टेबलावर, 'घंटा खरंच बंद पडली का' हा प्रश्न याच पट्टीला विचारला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असे जनुकबदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३५० रुग्णांवर अभ्यास झाला. त्याचे २०२० मध्ये छापलेले निष्कर्ष सांगतात की नुसत्या गेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, आणि जोडीला केमोथेरपी दिली तर १६ महिने. आठ महिने म्हणजे कुणाच्या तरी घरात एक दिवाळी जास्तीची. असल्या साखळीच्या सुरुवातीला कुठेतरी एक पट्टी असते, आणि ती पट्टी खोटी असेल तर तिच्यावर उभं केलेलं पुढचं सगळं कोसळतं.

प्रोजेक्टवाल्यांसाठी

जाता जाता पुढच्या बॅचसाठी. कुपी मागवताना ती कशासाठी तपासलेली आहे ते बघा: ब्लॉटला चालणारी अँटिबॉडी पेशी रंगवायला चालेलच असं नाही, कारण एकीकडे प्रथिन उलगडलेलं असतं, दुसरीकडे घडी घातलेलं. कॅटलॉग नंबरबरोबर लॉट नंबर जर्नलमध्ये लिहा. फ्रीझरमध्ये कुपी पुन्हा पुन्हा गोठवू-वितळवू नका, छोट्या भागांत वाटून ठेवा. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस देशभर पेशी पुरवतं, तेव्हा ठरावीक माहितीच्या पेशी मिळत नाहीत ही सबब चालायची नाही. आणि एकूण प्रथिनाची पट्टी न दाखवता फक्त फॉस्फोची पट्टी दाखवणारी आकृती कुणी समोर ठेवली, तर दोन्ही पट्ट्या मागा.

बाकी ब्रँचवाल्यांनी अँटिबॉडी विसरली तरी चालेल. तुमचा गॅस सेन्सर असो, लोड सेल असो की पिकावरची कीड ओळखणारा प्रोग्रॅम, सबमिशनच्या आदल्या रात्री एकच रीडिंग जास्तीचं घ्या: जिथे काहीही सापडायला नको अशा ठिकाणचं. तिथेही काटा हलला, तर मार्क गेले तरी चालतील, पण ते रीडिंग रिपोर्टात छापा.